मक्याच्या ब्रेडमधली साखर

भाऊजी, तेराव्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर अगदी साधा प्रश्न विचारला. "उद्याच्या पानात त्यांच्या आवडीचा एक पदार्थ हवा बरं का. काय आवडायचं त्यांना?"

पुण्याहून पुष्पाताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "श्रीखंड! श्रीखंड म्हणजे अरुणदादाचा जीव की प्राण." शिरीषनं मान डोलावली. थोरल्या बहिणीसमोर तो दुसरं काही करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि मी, जिच्या ओट्यापाशी तुम्ही वर्षानुवर्षं दर रविवारी उभे राहिलात, जिच्या कढयांची तुम्ही बुडं जाळलीत, ती मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून राहिले. कारण श्रीखंड नव्हे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग काय, ते मात्र सांगता येईना.

तुम्हाला श्रीखंड खाताना मी पाहिलंय. पुण्याला आपण सगळे एकत्र गेलो होतो तेव्हा ताईंनी वाटीवर वाटी वाढली आणि तुम्ही काढा घ्यावा तशी ती संपवलीत. परतताना विमानतळावर मी विचारलं, "भाऊजी, सरळ नको म्हणून सांगत का नाही?" तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत. "अगं नीलिमा, मी घर सोडलं तेव्हा मला श्रीखंड आवडायचं. त्यांच्याकडे माझी तेवढीच एक खूण राहिलीय. तीही काढून घेऊ?"

तेव्हा मी हसले होते. गुरुजींच्या प्रश्नानंतर मात्र माझा जीव कासावीस झाला. साताऱ्याहून निघून अमेरिकेत अर्धं आयुष्य काढलेला आणि मग जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नसारख्या गावात येऊन थांबलेला हा माणूस, त्याला निरोप देताना पानात काय ठेवायचं हे सांगू शकेल असं जगात एकही माणूस नसावं? ते एक माणूस मी असायला हवं होतं. दुसरं होतंच कोण?

तुमचा काय, रोजच नवा सूर. बॉयलर दुरुस्त करणारी तुमची कंपनी तुम्हाला या राज्यातून त्या राज्यात पाठवत राहिली, आणि प्रत्येक राज्याचा एकेक पदार्थ तुम्ही पदरात बांधून आणलात. शेवटी इथल्या अमेरिकन लष्करी तळावरच्या हीटिंगचं काम मिळालं, धाकटा भाऊ याच गावात विद्यापीठात आहे म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिलात. थोरले दीर गावात राहायला येतायत म्हटल्यावर मी आधी जरा बिचकले होते. म्हटलं, आता डोक्यावरून पदर नाही तरी जिभेवर लगाम ठेवावा लागणार. पहिल्याच रविवारी तुम्ही कापडी पिशवी घेऊन बसमधून उतरलात, कोट काढायच्या आत स्वयंपाकघरात घुसलात आणि जाहीर केलंत, "आज मी करतो. आज माझा सगळ्यात आवडता पदार्थ."

पुढच्या रविवारी दुसरंच काहीतरी, आणि वाक्य तेच. मी म्हणायची, "अहो, मागच्या रविवारी वेगळाच होता की सगळ्यात आवडता." तुम्ही म्हणायचात, "मागच्या रविवारी तोच होता."

गुरुजींचा फोन ठेवल्यावर मी एकेक पदार्थ आठवत बसले. म्हटलं, आवाजातून काही कळतंय का बघू. कशाबद्दल बोलताना तुमचा आवाज जास्त मऊ व्हायचा?

जॉर्जियातल्या उकडलेल्या शेंगांबद्दल? ती गोष्ट तर आमच्या अमेयला पाठ होती. हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडवर हातानं लिहिलेली पाटी, तुम्ही करकचून ब्रेक मारलेत, मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या. मोठ्या ड्रममध्ये मिठाच्या पाण्यात शेंगा रटरटत होत्या. सातारचा माणूस, त्याला हे दिसल्यावर काय होणार? गाडीच्या बॉनेटवर बसून तुम्ही खाल्ल्यात, कोपरापर्यंत मिठाचं पाणी ओघळलं. त्या म्हाताऱ्या शेंगवाल्यानं दुसरी पिशवी भरून दिली आणि तुमच्या शेजारी येऊन बसला. त्याला तुमचं नाव उच्चारता येईना, म्हणून तो तुम्हाला 'एरन' म्हणत राहिला आणि तुम्ही ते तीन वर्षं, बदली होईपर्यंत, चालवून घेतलंत.

का लुइझियानातला तो दाट रस्सा, गंबो? तुमच्या घरमालकिणीनं शिकवलेला. तेलात कणीक घालून ढवळायचं, ढवळायचं, ती जुन्या तांब्याच्या रंगाची होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मी पहिल्या वेळी ओरडलेच होते, "भाऊजी, करपलं!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "करपायच्या अलीकडं एक गाव असतं, तिथं उतरायचं." आणि त्यात ती भेंडी! आमच्या पुण्यात भेंडीची तार राहिली तर सुनेच्या माहेराचा उद्धार होतो. तुम्ही म्हणे तार मुद्दाम ठेवायची, तिच्यामुळेच रस्सा मिळून येतो. यावरून आपण किती रविवार भांडलो! मी तुमच्या नकळत भेंडी आधी परतून ठेवायची आणि तुम्ही माझ्या नकळत पिशवीतून कच्ची आणखी आणायचात.

का न्यू मेक्सिकोतल्या हिरव्या मिरच्या? शरद ऋतूत तिकडे गावभर मिरच्या भाजतात, जाळीच्या पिंपात घालून, रस्त्यावर. तुम्ही गाडीच्या सगळ्या काचा खाली करून उगाच चकरा मारायचात, कारण ठेच्याचा वास. शिफ्टवरचा कोणी सहकारी तुम्हाला घरी घेऊन गेला, त्याच्या आईनं मिरच्यांचा रस्सा वाढला आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीमुळे आलं असं तुम्ही त्या बाईला सांगितलंत आणि आम्हालाही तेच सांगायचात.

मिनेसोटाचा तो 'हॉटडिश' तर स्वयंपाकाच्या नावाला कलंक होता, हे तुम्हीही मान्य केलं होतंत. खिमा, डब्यातलं मशरूम सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे, आणि सगळं भट्टीत. इथे ते गोळे मिळत नाहीत म्हणून आपण फ्रोझन क्रोकेटन, इथले बटाट्याचे रोल, घालायचो. पण बाहेर गुडघाभर बर्फ, चर्चच्या तळघरात लांब टेबलं आणि प्रत्येक बाई आपापला काचेचा ट्रे तुमच्याकडे सरकवतेय, हे तुम्ही असं सांगायचात की तो पदार्थ पोरानं ताट चाटून खाल्ला. आजही कार्ल्सरूहेच्या हॉस्टेलवर मी त्याला गुळाच्या पोळ्या पाठवते आणि तो हॉटडिश करून खातो, हे मला त्याच्या मित्राकडून कळलंय.

तर असा हा सगळा पसारा. आवाज प्रत्येक ठिकाणी तितकाच मऊ. एक मात्र ध्यानात आलं. चव कशी होती हे तुम्ही शेवटी सांगायचात, किंवा विसरूनच जायचात. आधी सांगायचात ते कोणी बोलावलं ते.

आणि त्यावरूनच तर तुम्ही माझ्या मागे लागायचात. आमच्या दाराच्या फटीला मी ओला टॉवेल लावते, तो तुम्हाला खटकायचा. अहो, इथल्या सगळ्याच मराठी बायका लावतात. फोडणीचा वास जिन्यात गेला आणि कोणी हाउसफरवाल्टुंगकडे, इमारतीच्या व्यवस्थापनाकडे, तक्रार केली तर? गेर्लिंगेनच्या माझ्या मैत्रिणीनं तर सुक्या मासळीचा विचारही पोटातून काढून टाकलाय. तुम्ही आत आलात की पायानं टॉवेल बाजूला सारायचात. मी पुन्हा लावायची. तुम्ही पुन्हा सारायचात.

"या इमारतीत कोणाला ओळखतेस?" तुम्ही विचारलं होतं.

"खालच्या फ्राउ लांगना. जिना पुसायची पाळी त्यांच्यानंतर आमची असते."

"जेवायला बोलावलंस कधी?"

"इथे तसं चालत नाही हो भाऊजी. आधी वेळ मागून टर्मिन ठरवावा लागतो."

"जेवायला टर्मिन?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," अमेयनं मध्येच तोंड घातलं.

तुम्ही हसलात, पण सोडलं नाहीत. म्हणालात, "मी ज्या ज्या गावी गेलो, तिथं महिन्याच्या आत कोणीतरी दार वाजवलं. म्हणून जगलो. तू इतकी वर्षं इथं आहेस आणि वाससुद्धा कोंडून ठेवतेस." मला राग आला. मी म्हटलं, दार वाजवणारे भेटले ते तुमचं नशीब, आमचं कोणी वाजवलं नाही. तुम्ही म्हणालात, "मग तू वाजव." मी भांडी जोरात आपटली आणि तो विषय तिथेच अर्धवट राहिला. दर दोन-चार रविवारांनी तो वर यायचा आणि भांड्यांच्या आवाजात पुन्हा बुडायचा.

दुसरा वाद साखरेचा. मक्याचा ब्रेड अमेरिकेच्या दक्षिणेत साखरेशिवाय करतात, उत्तरेकडे साखर घालतात, आणि त्यावरून तिकडे घराघरांत फूट पडते असं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही कट्टर दक्षिणेचे. "साखर घातली की तो केक. केक जेवणात खातात का?" मी पुण्याची. आमच्याकडे आमटीत गूळ, काकडीच्या कोशिंबिरीत साखर, मग मक्यानंच काय पाप केलंय? तुम्ही पोलेंटाच्या पाकिटातून मक्याचं पीठ मोजत असायचात आणि मी शेजारी साखरेचा डबा घेऊन उभी. तुम्ही हातानं वाडगं झाकून धरायचात. सातारचं तिखट आणि पुण्याचं गोड यांच्यातला हा झगडा जर्मनीत, अमेरिकेच्या ब्रेडवरून चालला होता. शिरीष पेपर वाचत म्हणायचा, "तुम्ही दोघं जरा हळू भांडता का?" आणि आपण दोघंही त्याच्यावर उलटायचो.

ते भांडण मला किती हवं असायचं, भाऊजी, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. अमेय कार्ल्सरूहेला शिकायला गेल्यापासून या घरात आठवडाभर जेमतेम चार वाक्यं बोलली जातात. आल्झो, बरं का, दूध संपलंय. कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर ठेव. शिरीष वाईट नाही, तो असाच आहे, तुमचा भाऊ आहे, तुम्हाला माहीत आहे. पण शनिवारी रात्री झोपताना मला वाटायचं, उद्या कोणीतरी येईल आणि माझ्याशी भेंडीवरून भांडेल. त्या भरवशावर आठवडा निघायचा.

शेवटच्या रविवारी तुम्ही खुर्चीतच बसलात. दम लागला होता. तसा तुम्हाला जिना चढायला नेहमीच वेळ लागायचा. खालची बेल वाजली, मी वरून दार उघडलं तरी बराच वेळ तुमचा पत्ता नसायचा, मी गुडघ्यांना बोल लावायची. त्या दिवशी पिशवीही हलकी होती. म्हणालात, "आज तू कर." मी राजमा-भात केला. लुइझियानात सोमवारी घरोघरी राजमा-भातच असतो, तेव्हा म्हटलं एक दिवस आधी सही. आणि मक्याचा ब्रेड केला. मोजायला तुम्ही आला नाहीत, वाडगं झाकायलाही आला नाहीत. मी डबा उचलून दाखवला, "घालू का?" तुम्ही नुसतं बघत राहिलात. मी चांगली मूठभर साखर घातली.

तुम्ही दोन तुकडे खाल्लेत. मी वाट बघत होते. केक म्हणा, पुण्याचं खूळ म्हणा, काहीतरी म्हणा. काहीच म्हणाला नाहीत. निघताना तिसरा तुकडा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून कोटाच्या खिशात घातलात. मी चिडवलं, "केक आवडला वाटतं?" तुम्ही म्हणालात, "बसमध्ये भूक लागली तर असावा." आणि कठड्याला धरून हळूहळू खाली गेलात. मी दार लावलं, टॉवेल लावला. बुधवारी तुम्ही फोन उचलला नाहीत.

तुमचं घर आवरायला शिरीष आणि मी गेलो. मला वाटलं होतं, स्वयंपाकघरच आवरायला दिवस जाईल. लोखंडी तवे, मसाल्याच्या बाटल्या, अमेरिकेतली तुमची सगळी राज्यं तिथे मांडलेली असतील. कपाट उघडलं तर एक ताट, एक वाटी, एक कप. पाकिटातली सुपं, कडक ब्रेडचा पुडा, सार्डिनचे डबे. शेगडी नवीकोरी चकाकत होती. तवे कुठे असणार, ते सगळे आमच्याकडेच होते. म्हणजे सोमवार ते शनिवार तुम्ही हे खात होतात. लुइझियाना, जॉर्जिया, न्यू मेक्सिको हे सगळं फक्त रविवारी, फक्त आमच्या ओट्यावर होतं. मी त्या नवीकोऱ्या शेगडीपुढे उभी राहून तुम्हाला चांगल्या चार शिव्या दिल्या. शिरीषनं ऐकल्या आणि पहिल्यांदा तो रडला.

दाराशी फुकट येणाऱ्या जाहिरातींच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, सुतळीनं नीट बांधलेला. तो कशासाठी ते मला कळलं. तो मी घरी आणला.

तेराव्याला ताईंच्या म्हणण्याप्रमाणे श्रीखंड झालं. बाल्कनीत पान ठेवलं, पुण्यात सगळे मोबाइलपुढे श्वास रोखून बसले. कावळा आला आणि सरळ श्रीखंडात चोच घातली. ताई रडत म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? तृप्त झाला गं माझा दादा." मी हो म्हटलं. तोच कावळा बस स्टॉपवरचे पिझ्झाचे तुकडे उचलतो, हे त्यांना कशाला सांगू? इथले कावळे कशालाही शिवतात. त्यांची साक्ष कोण धरणार?

माझं समाधान होत नव्हतं. तुम्हाला अनोळखी माणसासारखं पाठवलं, असं आतून खात होतं. तेराव्यानंतरचा रविवार आला तेव्हा अमेय कार्ल्सरूहेहून आला होता. मी ठरवलं, कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं ते उकडलेलं जेवण करायचं, ज्याला ताटं लागत नाहीत. तुम्ही दर उन्हाळ्यात एकदा करायचात. मोठ्या पातेल्यात मीठ-मसाल्याचं पाणी, त्यात आधी बटाटे, मग सॉसेज, मग मक्याची कणसं, शेवटी कोळंबी. पाणी गाळायचं आणि सगळं टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर ओतायचं. भोवती बसायचं आणि हातानं खायचं. तुमच्या गठ्ठ्यातलीच वर्तमानपत्रं अंथरली. शेजारी मक्याचा ब्रेड केला. साखरेचा डबा हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले आणि मग हट्टानं साखर घातली. वाडगं झाकायला या ना आता, म्हटलं.

मापं तुमची होती. तुम्ही मला कधी दोघा-तिघांचं माप सांगितलंच नाहीत. ओतलं आणि टेबलभर डोंगर झाला. "ममा, वेअर सोल दास आलेस एसेन?" अमेयनं विचारलं. हे सगळं खाणार कोण, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आम्ही तिघं त्या डोंगराकडे बघत बसलो. तुमची खुर्ची शिरीषनं भिंतीला लावून ठेवली होती. वाफ वर जात होती आणि कोणी हात पुढे करेना. इतकं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

मी उठले. टॉवेल पायानं बाजूला सारला, अगदी तुमच्यासारखा, आणि खाली जाऊन फ्राउ लांगची बेल वाजवली. टर्मिन न घेता. वाटलं, दार उघडायच्या आत पळून जावं.

त्यांनी दार उघडलं. दारामागे, चपलांच्या शेजारी, एक घडीची खुर्ची उभी करून ठेवलेली होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मधले रविवार वास आला नाही. मला वाटलं, तुम्ही घर सोडून गेलात. आणि ते टोपीवाले गृहस्थ? ते बरे आहेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. मग आत जाऊन केस नीट करून आल्या आणि ती घडीची खुर्ची उचलून माझ्यामागून जिना चढल्या.

भाऊजी, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. दर रविवारी खालच्या मजल्यावर धाप लागून थांबायचात म्हणून त्या तुमच्यासाठी ती खुर्ची जिन्यात मांडायच्या. तरुणपणी त्या अमेरिकनांच्या एका कचेरीत कामाला होत्या, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्ही तिथे बसून आज वर काय शिजणार ते त्यांना सांगायचात. "आणि दर वेळी म्हणायचे, आज माझा सगळ्यात आवडता पदार्थ," त्या म्हणाल्या. अमेय हसला आणि मग हसता हसता त्याला पुढे हसता येईना. शिरीषनं भिंतीजवळची तुमची खुर्ची ओढून त्यांना दिली.

त्यांनी आधी कणीस घेतलं नाही, कोळंबी घेतली नाही. मक्याचा ब्रेड उचलला, एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "हो. हाच तो. साखरेचा."

"तुम्ही कधी खाल्लात?"

"शेवटी दिसले त्या दिवशी. उतरताना माझ्याकडे टेकले. खिशातून काढून अर्धा मला दिला. मी म्हटलं, हा तर केक आहे. ते म्हणाले, नाही, हा ब्रेड आहे. असाच करतात. फक्त वर सांगू नका, नाहीतर ती मला जगू देणार नाही." त्यांनी आणखी एक घास घेतला. "त्या दिवशी आवडता पदार्थ आहे असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, आज मी काहीच केलं नाही, मला बसवून वाढलं."

अमेयनं माझ्यापुढे कागदी रुमाल सरकवला. शिरीष कोळंबी सोलत होता. सोललेली प्रत्येक कोळंबी तो माझ्यापुढे ठेवत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. फ्राउ लांगनी मक्याची दोन कणसं खाल्ली आणि जाताना घडीची खुर्ची खाली नेऊ की इथेच ठेवू असं विचारलं. मी म्हटलं, इथेच राहू दे. पुढच्या रविवारी त्या येणार आहेत.

म्हणजे साखरेचा वाद मी जिंकले होते आणि तुम्ही ते शेजारणीला सांगून, गुपचूप बस पकडून निघून गेलात. हे बरं नाही केलंत. एकदा, फक्त एकदा तोंडावर म्हणायला हवं होतं, हा ब्रेड आहे. मी तुम्हाला वर्षभर छळलं असतं. प्रत्येक रविवारी आठवण करून दिली असती, पुष्पाताईंना फोन करून सांगितलं असतं, तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढून बसला असतात आणि शिरीष म्हणाला असता, जरा हळू. आता मी जिंकले आहे आणि भांडायला समोर कोणी नाही. असलं जिंकणं काय कामाचं?

उद्या पुन्हा रविवार आहे. पोलेंटाचं पाकीट काढून ठेवलंय, शेजारी साखरेचा डबा आहे. तुमची हरकत नाही हे आता मला कळलंय, आणि त्यामुळे हात पुढे होत नाही. घालू का, भाऊजी? एकदा नको म्हणा.